उल्कांच्या रेषा मागे वाढवल्या, पण एका ठिकाणी मिळेनात: काय चुकलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ जणांचा गट १२-१३ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे ययाती तारकासमूहातल्या एका बिंदूतून (उगमबिंदूतून) येताना दिसणाऱ्या उल्कांचा वर्षाव ऐन भरात असताना, चार तास आकाशाखाली बसला. एकाने वही सांभाळली, बाकीचे उल्का दिसली की ओरडून सांगत होते. गोल आकाशनकाशावर ४७ रेषा काढल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून त्या मागे वाढवल्या, तर ययातीत मिळायच्या सोडून त्यांचं जाळं तयार झालं. शिवाय शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने ३१ उल्का मोजल्या आणि दुसरीने १७. एवढा फरक कसा पडला, आणि पुढच्या वेळी नोंद कशी ठेवायची?

आधी दिलासा देते. तुमच्या उल्का खऱ्या होत्या आणि तुमचे डोळेही ठीक आहेत. नकाशा चुकीचा होता, रात्र चुकीची निवडली होती, आणि वहीत आठ जणांची मिसळ झाली होती. तिन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. या तिन्ही चुका मीही केल्या आहेत, आणि एकेक करून नाही, एकाच रात्री.

नकाशापासून सुरू करू. गोल नकाशा तारे ओळखायला उत्तम, उल्का मांडायला कुचकामी. आकाशाचा घुमट सपाट कागदावर पसरायचा म्हटलं की कुठे ताण पडणार, कुठे चुणी येणार. उल्का आकाशात सरळ जाते, दोन ताऱ्यांमध्ये दोरी ताणावी तशी. घुमटावरची ही सरळ वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. गोल नकाशावर केंद्रातून जाणाऱ्या वाटा तेवढ्या सरळ राहतात, बाकीच्या वाकतात. खात्री करायची असेल तर ध्रुवतारा मध्यभागी असलेल्या नकाशावर खगोलीय विषुववृत्त शोधा. आकाशात ते पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत ताणलेली सरळ वाट आहे. नकाशावर ते चक्क वर्तुळ दिसतं. तुमच्या रेषा दहा-पंधरा अंशांच्या असतील, तेवढ्या लांबीत हा वाक जाणवत नाही. पण पट्टी लावून तीच रेषा साठ अंश मागे नेली की ती भलत्याच तारकासमूहात जाऊन पोहोचते. जाळं झालं ते असं.

यावरचा उपाय म्हणजे नोमोनिक प्रक्षेपणाचे नकाशे. घुमटाच्या केंद्रात दिवा ठेवून ताऱ्यांच्या सावल्या बाहेरच्या सपाट कागदावर पाडल्या तर जे चित्र मिळेल, ते हे प्रक्षेपण. यात प्रत्येक बृहद्वृत्त सरळ रेषाच होतं, त्यामुळे पट्टी इमानदारीने काम करते. त्याची किंमत मोजावी लागते ती काठाला. केंद्रापासून ४५ अंशांवर बाहेरच्या दिशेचं माप दुप्पट ताणलेलं असतं, आणि अख्खं आकाश एका कागदावर मावतच नाही. म्हणून इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशन, म्हणजे आयएमओ, प्लॉटिंगसाठी (उल्केची वाट नकाशावर मांडण्यासाठी) जो ब्रनो अ‍ॅटलस वापरते त्यात १२ नकाशे आहेत. एका रात्रीसाठी त्यातले दोन-तीनच लागतात, ज्या दिशेला बघणार असाल तेवढे. प्रत्येकाच्या छायाप्रती काढून फळीला चिमट्याने लावा. सुरुवातीला काठाजवळचे तारकासमूह ताणल्यामुळे ओळखू येत नाहीत, तेव्हा दिवसा तासभर नकाशाशी ओळख करून घ्या. अंधारात शर्मिष्ठा शोधत बसलात तर तेवढ्या वेळात दोन उल्का निसटतात.

आता रात्रीबद्दल. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण १२-१३ ऑगस्ट ही प्लॉटिंगची रात्र नव्हे. एक उल्का नकाशावर उतरवायला सरावलेल्या माणसालाही वीस-तीस सेकंद लागतात. तुमच्या ४७ रेषांचे, प्रत्येकी तीस सेकंद धरून, साडेतेवीस मिनिटं झाले. तेवढा वेळ वहीवाल्याची नजर आकाशाऐवजी कागदावर होती. चांगल्या अंधारात तासाला साठ उल्का पडत असतील तर निम्मा तास कागदातच जातो. वर्षाव भरात असताना नुसतं मोजायचं: वेळ, प्रत (म्हणजे तेजस्विता) आणि कोणत्या वर्षावाची, एवढंच. रेघ ओढायची ती ज्या उल्केबद्दल शंका आहे तिचीच. प्लॉटिंग कामाला येतं ते शांत रात्री, जेव्हा तासाला आठ-दहा उल्का दिसतात आणि त्या तीन-चार वेगवेगळ्या उगमांमधून येत असतात. दुर्दैवाने अशा रात्री गटातले सहा जण येत नाहीत. येतील ते दोघे खरे.

जुलैचा शेवटचा आठवडा याला फार चांगला, चंद्र आडवा येत नसेल तर. कुंभ राशीतला दक्षिण डेल्टा वर्षाव ३० जुलैच्या सुमारास भरात असतो, मकर राशीतून संथ आणि कधीकधी फार तेजस्वी उल्का येतात, ययातीच्या पहिल्या उल्काही सुरू झालेल्या असतात. त्याच वेळी सूर्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून थोडं पूर्वेला एक पसरट, वर्षभर चालू असणारा उगम असतो. त्याला प्रतिसूर्य उगम म्हणतात. चार घरांची पाहुणेमंडळी एकाच अंगणात जमलेली. कोण कुठून आला हे ठरवायला तेव्हा रेषा काढावीच लागते.

रेघ कशी काढायची, यावर थोडं रेंगाळते, कारण सगळी गोम इथेच आहे.

उल्का दिसली की पहिली दोन सेकंदं काहीच करायचं नाही. मान हलवायची नाही, बोलायचं नाही, पेन्सिल चाचपायची नाही. नजर जिथे होती तिथेच ठेवून त्या वाटेची छबी मनात पक्की करायची. मग हाताशी ठेवलेली सरळ काठी किंवा दोन हातांत ताणलेली सुतळी त्या वाटेवर धरायची. साधी युक्ती आहे, पण तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. काठी कोणत्या ताऱ्याला लागून जाते, कोणत्या दोन ताऱ्यांमधून निम्म्यावर जाते, ते पाहायचं. 'अभिजितच्या खालून दीड बोट, मग हंसाच्या चोचीला जवळजवळ लागून' असं वाक्य मनात तयार झालं की मगच नकाशाकडे वळायचं. आधी दिशा, मग शेवट, मग सुरुवात, हा माझा क्रम. शेवट बहुधा नीट आठवतो, कारण तोवर नजर तिथे पोहोचलेली असते. सुरुवात मात्र बऱ्याचदा आपण नंतर कल्पनेने जोडतो. उगमबिंदूसाठी लांबीपेक्षा दिशा महत्त्वाची, त्यामुळे सुरुवात दोन अंश इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. दिशा दहा अंश फिरली तर मात्र ती रेघ वाया गेली.

नकाशावर रेघेला बाणाचं टोक आणि क्रमांक द्यायचा. दर्जाही लिहायचा: १ म्हणजे ताऱ्यांवरून पक्की, २ म्हणजे ठीक, ३ म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. दर्जा तिथल्या तिथे द्यायचा, घरी गेल्यावर नाही.

आणि खोडरबर घरी ठेवा. माझ्या जुन्या वह्यांमध्ये एका वर्षीच्या ययातीच्या रेषा इतक्या सुबक आहेत की मागे वाढवल्यावर टाचणीच्या टोकावर मिळतात. तेव्हा मला त्यांचा अभिमान होता. पुढे इतरांच्या नोंदी पाहिल्यावर लक्षात आलं की अनुभवी निरीक्षकांच्या रेषाही काही अंशांनी चुकतात, त्यामुळे खऱ्या रेषा कधीच एका टोकावर मिळत नाहीत. तिथे एक पुंजका तयार होतो. मी 'ही ययातीचीच' असं आधी ठरवायचे आणि मग पेन्सिल आपसूक तिकडे झुकायची. खोडून सुधारलेली प्रत्येक रेघ उगमबिंदूकडेच सरकली होती, एकही उलट दिशेला नाही. म्हणून आता नियम एकच: नकाशावर उगमबिंदूची खूण आधी करायची नाही, आणि रेघ काढलेल्या उल्केच्या वर्षावाचं नाव रात्री लिहायचंच नाही. नाव ठरवण्याचं काम दुसऱ्या दिवशी, चहा घेऊन, पट्टी हातात घेऊन.

या बाबतीत फार मोठी माणसंही फसली आहेत. विल्यम डेनिंग हा ब्रिटिश निरीक्षक हौशी होता, पण उल्का प्लॉट करण्यात त्याच्या तोडीचं त्या काळात क्वचितच कोणी असेल. १८९९ मध्ये त्याने उगमबिंदूंची मोठी सूची प्रसिद्ध केली, त्यात चार हजारांहून अधिक नोंदी होत्या. त्यातले काही बिंदू महिनोन्महिने एकाच जागी स्थिर असल्याचं त्याचं म्हणणं होतं. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तिच्या गतीची दिशा रोज बदलते, त्यामुळे उगमबिंदूही ताऱ्यांमध्ये सरकायलाच हवा. ययातीचा बिंदू रोज सुमारे एक अंशाने पूर्वेकडे जातो. डेनिंगच्या स्थिर बिंदूंवर पुढे चार्ल्स ऑलिव्हिएर यांनी कडक टीका केली. अमेरिकन मीटिअर सोसायटी १९११ मध्ये स्थापन करणारे ते हेच. चूक रेषांमध्ये फारशी नव्हती. अनेक रात्रींच्या थोड्या थोड्या रेषा एकत्र करून त्यांच्या छेदांमधून बिंदू शोधले गेले होते, आणि पुरेशा रेषा असल्या की कुठेतरी तीन-चार छेद जवळ येतातच. तेव्हा प्रत्येक रात्रीला नवा कागद घ्या. आठवडाभराच्या रेषा एकाच नकाशावर कधी काढू नका.

प्रत्येक उल्केबरोबर काय लिहायचं? माझ्या वहीतली एक ओळ अशी असते:

२१:१४ / प्रत ३.५ / १५ अंश / माग नाही / क्र. ६ / दर्जा २

वेळ जागतिक वेळेत, मिनिटापर्यंत पुरते. तारीख '१२-१३' अशी जोडीने लिहा, नाहीतर मध्यरात्रीनंतर गोंधळ होतो. मी एकदा अख्खी पहाट आदल्या तारखेवर लिहिली होती.

प्रत म्हणजे तेजस्विता, आणि ती ताऱ्यांशी ताडून ठरवायची. अभिजित शून्य प्रतीचा, चित्रा एक, ध्रुव दोन, सप्तर्षीतला सगळ्यांत मंद अत्री ३.३. उल्का ज्या उंचीवर दिसली साधारण त्याच उंचीवरचा तारा घ्या, कारण क्षितिजाजवळ सगळंच मंदावतं. नवखे लोक हमखास एक प्रत जास्त तेजस्वी लिहितात, कारण हलणारी गोष्ट डोळ्यात भरते. हे लवकर सुटत नाही, पण माहीत असलेलं बरं.

'१५ अंश' हा कोनीय वेग. उल्का बहुधा सेकंदाच्या आतच विझते, म्हणून प्रश्न असा विचारायचा: ती पूर्ण सेकंदभर टिकली असती तर किती लांब गेली असती? अंशांसाठी हात पुरतो. हात लांब केला की करंगळीची रुंदी एक अंश, मूठ दहा अंश, वीत वीस अंश. पुनर्वसूचे दोन तारे साडेचार अंशांवर आहेत, त्यांच्यावर आपली बोटं तपासून घ्या. प्रत्येकाचा हात वेगळा.

'माग' म्हणजे उल्का गेल्यावर मागे तरळत राहणारी फिकट रेषा. ती किती सेकंद टिकली ते लिहायचं. रंग लिहिला तर लिहा, पण मंद उल्केचा रंग डोळ्याला कळत नाही, तेव्हा दुसऱ्या प्रतीपेक्षा मंद उल्केला रंग देणाऱ्याच्या वहीकडे मी जरा साशंकपणे बघते.

हे सगळं अंधारात लिहायचं असतं. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि फोनचा पडदा तो एका क्षणात घालवतो. लाल, अगदी मिणमिणता दिवा चालतो. पेन्सिलच घ्या, दव पडलेल्या कागदावर पेन चालत नाही. नुसती मोजणी करायची असेल तर कागदी पट्टीचा रोल मांडीवर ठेवून न बघता लिहिणं, किंवा आवाज ध्वनिमुद्रित करणं, दोन्ही उत्तम. नजर आकाशातून हलत नाही. मुद्रण करणार असाल तर सुरुवातीला आणि शेवटी मोठ्याने घड्याळाची वेळ सांगा. ही गोष्ट सगळे विसरतात.

आता जे लिहायचं कोणालाच सुचत नाही, पण ज्याच्याशिवाय बाकीचं निरुपयोगी आहे: आकाश कसं होतं, आणि तुम्ही खरोखर किती वेळ बघत होता. सीमाप्रत म्हणजे तुम्हाला दिसणारा सगळ्यांत मंद तारा. ती अंदाजाने ठोकायची नाही. ठरावीक ताऱ्यांचे त्रिकोण दिलेले असतात, त्यांच्या आतले तारे, कोपऱ्याचे धरून, मोजायचे आणि तक्त्यावरून प्रत काढायची. दर अर्ध्या तासाला, आणि धुकं किंवा चंद्र आला तर लगेच. ढगांनी नजरेच्या टप्प्याचा पाचवा भाग झाकला की मी थांबते. वेळेतून चहापाणी, फिरायला उठणं, कागदात गेलेली मिनिटं, सगळं वजा करायचं. बारा रेषा तीस सेकंदांच्या, म्हणजे तासातली सहा मिनिटं गेली, उरले ०.९ तास. तासाभरात तीनच उल्का दिसल्या तर 'तीन' लिहायचं. रिकाम्या तासालाही तितकीच किंमत आहे.

दुसऱ्या दिवशीची ओळखपरेड. एखादी उल्का अमुक वर्षावाची म्हणायला तीन कसोट्या लागतात, आणि तिन्ही लागतात.

पहिली, रेघ मागे वाढवली की उगमबिंदूच्या भोवतालच्या क्षेत्रातून गेली पाहिजे. हे क्षेत्र उल्का बिंदूपासून जितकी दूर दिसली तितकं मोठं धरायचं, कारण दिशेतली चूक अंतराबरोबर वाढते. आयएमओचं माप असं: उल्का बिंदूपासून १५ अंशांवर असेल तर व्यास १४ अंश, ३० वर १७, ५० वर २०, ७० वर २३. उदार वाटतं, पण माणसाच्या डोळ्याला तेवढी सवलत द्यावीच लागते.

दुसरी कसोटी लांबीची. उगमबिंदूजवळ उल्का आपल्याकडे तोंड करून येत असते म्हणून आखूड दिसते. रेघेची लांबी, तिची सुरुवात उगमबिंदूपासून जेवढी लांब आहे त्याच्या निम्म्याहून फार जास्त असेल तर ती त्या वर्षावाची नाही. बिंदूपासून दहा अंशांवर सुरू होऊन वीस अंश धावलेली उल्का ययातीच्या दिशेने आली असली तरी तिचा ययातीशी काही संबंध नाही.

तिसरी कसोटी वेगाची, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते. ययातीच्या उल्का सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने येतात, म्हणून 'ययाती म्हणजे जलद' असं डोक्यात बसतं. पण दिसणारा वेग उल्का कुठे दिसली त्यावरही ठरतो. उल्का सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळते असं धरून हिशेब करा. उगमबिंदूपासून ६० अंश लांब आणि क्षितिजापासून ४५ अंश वर दिसलेली ययातीची उल्का सेकंदाला सुमारे २० अंश धावेल. त्याच उंचीवर, पण बिंदूपासून फक्त १० अंशांवर दिसली तर सेकंदाला ४ अंश, म्हणजे चक्क संथ. उलट, ६० अंशांवरच्या त्याच जागी कुंभेची उल्का (४१ किलोमीटर) सुमारे १४ अंश जाईल आणि मकरेची (२३ किलोमीटर) ८. म्हणून वहीत 'जलद' किंवा 'संथ' न लिहिता अंश लिहायचे. रेघ ययातीतून जाते, पण साठ अंश लांब असून वेग ८ अंशच आहे? मग ती तुरळक, म्हणजे कोणत्याच वर्षावाची नसलेली उल्का, योगायोगाने त्या रेषेत आलेली. माझ्या सुरुवातीच्या 'ययाती' उल्कांमधल्या बऱ्याच अशा निघाल्या.

नजर कुठे ठेवायची हेही यातूनच येतं. थेट उगमबिंदूकडे बघू नका, तिथे उल्का आखूड आणि ओझरत्या दिसतात, दिशा कळत नाही. बिंदूपासून वीस ते चाळीस अंश बाजूला, क्षितिजापासून पन्नास ते सत्तर अंश वर नजर स्थिर ठेवा. दोन-तीन वर्षाव एकत्र तपासायचे असतील तर सगळे बिंदू एकाच बाजूला एका रांगेत येणार नाहीत अशी दिशा निवडा, नाहीतर मागे वाढवलेली प्रत्येक रेघ दोघांमधूनही जाते आणि निर्णयच होत नाही.

आता ३१ आणि १७. वहीवाल्या पद्धतीचा मला खरा राग आहे तो यासाठी. ओरडून सांगितलं की बाकीचे मान वळवतात, आपली दिशा सोडतात, आणि अर्ध्यांना 'मलाही दिसली' असं वाटतं. गटाची बेरीज ऐकायला छान, पण तिच्यातून आकाशाबद्दल काही निघत नाही. प्रत्येकाचा कागद वेगळा, प्रत्येकाचा आकडा वेगळा, आणि शांतता. गप्पा मारा, पण उल्कांबद्दल नको.

फरक मात्र खरा असू शकतो. ययातीच्या उल्का एक प्रत मंद गेलं की सुमारे २.२ पट वाढतात. म्हणजे शेजाऱ्याला तुमच्यापेक्षा एक प्रत मंद दिसत असेल तर त्याची संख्या दुपटीच्या वर जाते, कोणाचीही चूक नसताना. डोळे, चष्मा, दमणूक, मानेचा कोन, सगळं त्यात येतं. आडवं होता येईल अशी खुर्ची घेतल्यावर माझी संख्या एकदम वाढली होती आणि मला वाटलं होतं वर्षावच वाढला.

दोघांच्या वेगवेगळ्या वह्या असतील तर एक सुंदर गोष्ट करता येते. वेळा जुळवून सामाईक उल्का मोजायच्या. समजा ३१ आणि १७ पैकी १२ सामाईक निघाल्या. मग त्या टप्प्यात पडलेल्या एकूण उल्का अंदाजे ३१ × १७ ÷ १२, म्हणजे ४४. दुसरीला पहिल्याच्या ३१ पैकी १२च दिसल्या, याचा अर्थ तिला साधारण पाचांतल्या दोन दिसतात. एस्टोनियाच्या एर्न्स्ट ओपिक यांनी गेल्या शतकात ही दुहेरी मोजणी उल्कांसाठी पद्धतशीर वापरली. मंद उल्का दोघांच्याही हातून सुटतात, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच असतो. म्हणून हा हिशेब प्रत्येक प्रतीसाठी वेगळा करतात.

सामाईक उल्कांचा आणखी जुना उपयोग आहे. १७९८ मध्ये गटिंगेनमध्ये शिकत असलेल्या ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोघांनी काही किलोमीटरच्या अंतरावर बसून एकाच वेळी उल्का मांडल्या. ४०२ नोंदी झाल्या, त्यातल्या २२ दोघांनाही दिसलेल्या. ताऱ्यांमधल्या जागेतला फरक धरून त्यांनी उंची काढली आणि उल्का वातावरणात फार उंचावर घडतात हे दाखवलं. त्यांच्याकडे होतं काय, तर घड्याळ, नकाशा आणि पेन्सिल. तुमच्यातले दोघे तीस-चाळीस किलोमीटर दूर बसायला तयार असतील तर हा प्रयोग आजही होतो. फक्त वेळ सेकंदात हवी.

मोजणीचा शेवटचा आकडा, ज्याला सगळे झेडएचआर म्हणतात, तो एका माणसाचा, आदर्श आकाशातला, उगमबिंदू डोक्यावर असतानाचा दर असतो. एक उदाहरण करून दाखवते. दीड तास निव्वळ निरीक्षण, २७ ययाती उल्का, सीमाप्रत ५.८, उगमबिंदू ४० अंश वर, ढग नाहीत. आदर्श सीमाप्रत ६.५ धरतात, फरक ०.७, म्हणून २.२ चा ०.७ घात, सुमारे १.७४. उंचीसाठी ४० अंशांची ज्या (साइन), ०.६४. म्हणजे २७ × १.७४ ला १.५ × ०.६४ ने भागायचं: सुमारे ४९. अनिश्चितता या आकड्याला २७ च्या वर्गमुळाने भागून मिळते, ९. लिहायचं '४९ अधिकउणे ९'. बातम्यांत 'तासाला शंभर उल्का' वाचून निराश झालेल्यांनी हे गणित एकदा करावं. सीमाप्रत ५ असली तर एवढ्यानेच दिसणारा दर तिपटीहून अधिक घटतो.

अग्निगोल, म्हणजे शुक्राच्या तोडीची उल्का, दिसला तर वरचे सगळे नियम बाजूला. आधी सेकंदासकट वेळ. मग कोणाशीही न बोलता प्रत्येकाने आपापली वाट लिहायची, चित्र काढायचं. एकदा आम्ही पाच जण आधी बोललो आणि मग लिहिलं. पाचही चित्रं सारखी आली, आणि पाचही सर्वांत ठामपणे बोलणाऱ्याची होती. नंतर पाच-सहा मिनिटं कान उघडे ठेवायचे. शंभर किलोमीटरवरून आवाज यायला पाच मिनिटं लागतात.

कॅमेरे हे सगळं जास्त नेमकं करतात का? उगमबिंदू आणि कक्षा काढण्यात, हो, आणि त्यात वाद नाही. आयएमओकडे जाणारी डोळ्यांची मोजणी अजून उपयोगी आहे ती दशकांच्या जुन्या नोंदींशी थेट ताडता येते म्हणून. प्लॉटिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. ते निदान एक हंगाम करावं ते स्वतःचा डोळा घडवण्यासाठी. त्यानंतर मोजताना एखादी उल्का कोणत्या घरची हे कागदाशिवायही बऱ्यापैकी सांगता येतं.

राहता राहिल्या तुमच्या ४७ रेषा. कागद फेकू नका. प्रत्येक रेघेची सुरुवात आणि शेवट कोणत्या ताऱ्यांजवळ आहे ते त्या गोल नकाशावर वाचा आणि तेवढे दोन बिंदू नोमोनिक नकाशावर नव्याने मांडून जोडा. मूळ कागदाला हात लावू नका. काम दोन संध्याकाळींचं आहे. ज्याने रात्री वही धरली होती त्याच्याकडे हे देऊ नका. ययाती कुठे आहे हे ठाऊक नसलेलं घरातलं कोणी मिळालं तर उत्तम.